शिट्टी, खडू वगैरे

रात्रपाळीवरून आले की मी आधी बॅग उपसते,
मग चहा.
नवरा म्हणतो, काय शोधतेस एवढं, बॉम्ब?
मी बोलत नाही. विजेरीचे सेल काढून
खिडकीच्या कठड्यावर उन्हात मांडते,
कोणी सांडगे घालतं तसे.

एक नऊ एक सहा.
सात वर्षं हा फोन उचलतेय.
नमस्कार, नियंत्रण कक्ष, बोला,
आणि पलीकडे कधी झाड, कधी भिंत, कधी नुसता खोकला.
एक आजोबा फक्त किती वाजले विचारतात, पहाटे चारला.
मी सांगते. चार.

बॅगेतली शिट्टी भांडुपच्या बाईंची.
लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, ओरडून घसा बसलेला,
फोनला चार टक्के.
"माझा आवाज कुणाला जातच नाही हो,"
त्या म्हणाल्या, मला,
जिला तो जात होता.

पंचा परळच्या टॉवरचा. जिन्यात धूर.
ओलं फडकं धरा नाकातोंडावर, मी म्हणाले.
फडकं नाहीये, तो म्हणाला.
सत्ताविसाव्या मजल्यावर, अख्ख्या घरात
फडकं नाहीये.

आणि कागद. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला,
शिसपेन्सिलीने लिहिलेला, शाई फुटते म्हणून.
तो एका पोराचा. नऊ वर्षांचा असेल, कुणाचातरी फोन घेऊन बोलत होता.
आईचा नंबर सांग बाळा.
"आई नावाने सेव्ह आहे."
त्या सकाळी मी घरी येऊन सगळ्यांचे नंबर पाठ केले,
माझ्या सासूचासुद्धा.

दोरी होती, ती फिलोमिनाने पडद्याला नेली.
छोटा चाकू मॉलच्या दारावर काढून घेतला,
पावती मागितली तर हसले.
ग्लुकोजचा पुडा दर पंधरवड्याला संपतो
कुठल्याही आपत्तीशिवाय.
जुन्या नंबरचा चष्मा मात्र आहे. त्यातून समोरचं
दिसतं थोडं, कळतं बरंचसं.

गाडी रवाना केली, नोंद केली, पुढचा फोन.
भांडुपच्या बाई बाहेर आल्या का, मला माहीत नाही.
विचारायला नंबर असतो समोर,
पण तशी पद्धत नाही.

खरी बॅग उघडली ती एकदाच, वडाळ्याच्या बसस्टॉपवर.
एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला,
दहा वाजता तिची मुलाखत.
मी सेफ्टी पिन काढली, खाली बसले, ओवली.
ती काही बोलली नाही. नुसती बघत होती.
सात वर्षांत पहिल्यांदा
मी त्या आवाजाचा चेहरा पाहिला.

खडू तांडेलांनी दिला, अग्निशमनातून निवृत्त होताना.
खोली तपासली की दारावर फुली मारायची, म्हणाले,
म्हणजे दुसरा परत आत शिरत नाही.
लोकांचा जीव वाचतो?
लोकांचा नाही गं. आपल्या पोरांचा.

मागच्या आठवड्यात तो मोडला. पंचा, पिना, इलेक्ट्रालची पाकिटं,
सगळ्यावर पांढरी भुकटी.
तुकडे समोरच्या शाहीनला दिले, नवा घेतला.
तिने मजलाभर घरं आखली, लंगडी घालत बसली.

आज सकाळी जिना चढून आले
तर आमच्या दारावर फुली.
वाकडी, तिच्या उंचीची, माझ्या कमरेशी.

बॅग पाठीवर तशीच. पुढच्या कप्प्यात किल्ली,
डोळे मिटूनही सापडेल अशा जागी, मीच ठेवलेली.
तरी बेल वाजवली.
एकदा. मग पुन्हा.

आतून, झोपेतून, वैतागून:
"कोण आहे?"